अमेरिकन सरकारी नोकरी, परदेशात पोस्टिंग: लग्न-बाप्तिस्म्यासाठी कुठल्या चर्चकडे जायचं?

तुम्ही कॅथलिक आहात, अमेरिकन नागरिक आहात आणि सरकारी नोकरीत एम्बसी नाहीतर कॉन्सुलेटवर परदेशी पोस्टिंग लागलीय, तर आधी हे समजून घ्या की तुम्ही एकाच वेळी दोन बिशपांच्या अधिकाराखाली असता. एक तिथले स्थानिक, दुसरे वॉशिंग्टनच्या आर्चडायोसीस फॉर द मिलिटरी सर्व्हिसेसचे (आर्चडायोसीस म्हणजे आर्चबिशपांच्या हाताखालचा धर्मप्रांत). नाव मिलिटरीचं असलं तरी यात फौजी आणि त्यांच्या घरच्यांसोबत व्हेटरन्स हॉस्पिटलमधले पेशंट आणि देशाबाहेर काम करणारे सिव्हिलियन कर्मचारी पण येतात. अमेरिकेतच साध्या सरकारी ऑफिसात असाल तर नाही, मग आपली नेहमीची पॅरिश, म्हणजे आपल्या भागातलं चर्च.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1986 मध्ये यासाठी जगभर लागू होणारा नियम काढला. अधिकार जागेवर नाही, माणसावर चालतो, पण स्थानिक बिशपांचा अधिकार त्याने जात नाही. लष्करी तळावर पहिला हक्क मिलिटरी बिशप आणि त्यांच्या चॅप्लेनचा (फौजेत नेमलेल्या फादरांचा), बाकी शहरात तुम्ही बिनधास्त जवळच्या पॅरिशमध्ये जा. मुंबईत पोस्टिंग असेल तर मिस्सा, कुमसार (पापांची कबुली), बाळाचा बाप्तिस्मा सगळं इथल्या धर्मगुरूंकडे होतं. कॉन्सुलेटात काम करणारा मुंबईकर कॅथलिक मात्र फक्त मुंबई आर्चडायोसीसचाच, पगार कुणीही देवो.

लग्नाच्या बाबतीत मात्र प्लीज हलक्यात घेऊ नका. ओळखीचे फादर आले आणि त्यांनी लग्न लावलं एवढं पुरत नाही, चर्चच्या कायद्यातल्या कलम म्हणजे कॅनन 1108 प्रमाणे त्यांच्याकडे त्या लग्नाचा अधिकार हवा, पॅरिश प्रीस्ट म्हणून किंवा योग्य माणसाने नेमून दिलेला, नाहीतर चर्चच्या दृष्टीने ते लग्नच होत नाही. म्हणून हॉल बुक करायच्या आधी फादरना सरळ विचारा, अधिकार कुणाकडून मिळालाय, आणि लेखी घ्या. विचारायला लाजू नका हो, चांगले फादर स्वतःच कागद काढून दाखवतात.

दुसरं, नोंद. तळावरच्या चॅपलमध्ये बाप्तिस्मा झाला असेल तर दाखल्यासाठी वॉशिंग्टनच्या ऑफिसला लिहायचं, तिथल्या गावच्या पॅरिशमध्ये शोधत बसायचं नाही. स्थानिक पॅरिशमध्ये झाला असेल तर रजिस्टर तिथंच राहतं, तेव्हा बदली व्हायच्या आधी दाखला हातात घ्या, नावाचं स्पेलिंग तिथंच उभं राहून तपासा. पुढे लग्नाच्या वेळी बहुतेक ठिकाणी गेल्या सहा महिन्यांत काढलेला नवा दाखला मागतात, म्हणून पॅरिशचा पत्ता आणि बाप्तिस्म्याची तारीख पण लिहून ठेवा.