गाउचोचे जुने छायाचित्र वाचताना या चुका टाळा

१८६८ साली पेरूची राजधानी लिमा येथे कुर्रे बंधूंच्या छायाचित्रगृहाने एका अर्जेंटिनी गाउचोचे पूर्णाकृती छायाचित्र घेतले. दक्षिण अमेरिकेतील घोडेस्वार गुरेवाल्याचे प्रातिनिधिक चित्र म्हणून ते आजही ठिकठिकाणी छापले जाते. त्याखाली ‘पाम्पासच्या गवताळ मैदानातील गाउचो’ अशा अर्थाची ओळ टाकणे ही पहिली आणि सर्वांत सहज घडणारी चूक आहे. चित्रातला माणूस अर्जेंटिनाचा असला, तरी चित्र लिमाचे आहे, आणि लिमा ते ब्युनोस आयर्स हे अंतर तीन हजार किलोमीटरांहून अधिक भरते. म्हणून माणूस कुठला आणि चित्र कुठले, या दोन प्रश्नांची उत्तरे नोंदीत नेहमी वेगवेगळी लिहावीत.

दुसरी चूक शब्दाची आहे. मराठीत ‘गुराखी’ म्हटले की काठी घेऊन गुरांमागे पायी चालणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो; गाउचोचे जगणे मात्र घोड्याच्या पाठीवरचे होते. त्यातही अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग येथला तो गाउचो, चिलीतला वासो, आणि व्हेनेझुएला-कोलंबियाच्या मैदानांतला यानेरो. या सर्वांना ‘काउबॉय’ म्हणून एकाच पंक्तीला बसवले, की त्यांचे वेगवेगळे पोशाख, अवजारे आणि मुलूख पुसले जातात.

रंगांच्या बाबतीत तर अनुभवी संग्राहकही फसतात. डगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचे सुरुवातीचे छायाचित्र असो, वा १८५१ नंतर पसरलेली ओल्या कोलोडियनची काच, म्हणजे ओले रसायन लावलेली निगेटिव्हची काच, त्या काळातील छायाचित्रण-रसायनांवर निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाचा परिणाम भराभर होत असे, तर लाल प्रकाशाचा जवळजवळ होतच नसे. परिणामी लाल पोंचो, म्हणजे मधल्या चिरेतून डोके घालून पांघरायचे वस्त्र, चित्रात काळा दिसतो आणि फिकट निळा रुमाल पांढरा दिसतो. अर्जेंटिनात ही बाब केवळ सौंदर्याची नाही. तिथले हुकूमशहा ख्वान मानुएल दे रोसास यांच्या राजवटीत, म्हणजे १८५२ च्या कासेरोसच्या लढाईत त्यांचा पराभव होईपर्यंत, लाल हा त्यांच्या फेडरल पक्षाचा रंग होता आणि फिकट निळा हा विरोधी युनिटेरियन पक्षाचा. त्या काळातील चित्रातली काळी फीत पाहून तिला शोकचिन्ह ठरवणारा माणूस कदाचित एक स्पष्ट राजकीय खूण वाचायची सोडून देत असतो. ‘काळा पोंचो’ असे न लिहिता ‘चित्रात गडद दिसणारा पोंचो’ असे लिहावे. संगणकाकडून आपोआप रंग भरून घेतलेली प्रत तर पुरावा म्हणून मुळीच वापरू नये.

गाउचो डावखुरा वाटत असेल, तर आधी चित्राचे माध्यम तपासावे. डगेरोटाइपमध्ये प्रतिमा थेट चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटते, त्यामुळे ती सहसा आरशातल्यासारखी उलटी असते. फाकोन हा लांब सुरा गाउचो पाठीमागे कमरपट्ट्यात आडवा खोचत असे आणि त्याची मूठ उजव्या हाताला येईल अशी ठेवत असे. मूठ त्याच्या डाव्या हाताला दिसली, तर कोटाची बटणेही पाहावीत. दोन्ही उलटी असतील, तर दोष पत्र्याचा असतो, माणसाच्या हाताचा नव्हे. कागदी प्रतीत मात्र हे उलटेपण राहू नये, आणि राहिले असेल तर निगेटिव्हच्या काचेची बाजू बदलून छपाई झाली असण्याची शक्यता आधी पाहावी.

पोशाखावरून काळ ठरवताना घाई नको. चिरिपा म्हणजे पायांमधून घेऊन कमरेला खोचलेले कापड, आपल्या काष्ट्याची आठवण करून देणारे. त्याखाली झालरीची पांढरी विजार असे. बोंबाचा ही घोट्याशी बटण लावायची ढगळ विजार १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होत गेली. त्यामुळे चिरिपा दिसला की चित्र जुने, असा निष्कर्ष मोहात पाडतो. पण दोन्ही पोशाख दीर्घकाळ शेजारी-शेजारी नांदले, आणि छायाचित्रगृहात जुना पोशाख मुद्दाम घालून उभे राहणेही अवघड नव्हते. घोड्याच्या मागच्या पायाच्या कातड्याचे, बोटे उघडी ठेवणारे बूट आणि कमरेची बोलेआदोरास, म्हणजे जनावराच्या पायांत फेकायचे दोरीला बांधलेले गोळे, यांनाही हीच सावधगिरी लागू होते.

‘हा माणूस कोण?’ या प्रश्नाला घाईने नाव चिकटवणे मला सर्वांत क्लेशदायक वाटते. १८५४ मध्ये दिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसमध्ये कार्त-द-व्हिझीत या लहान पुठ्ठाचित्राचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर एकाच काचेवरून अनेक प्रती काढून ‘नमुन्याची माणसे’ प्रवाशांना विकण्याचा व्यवसाय जगभर चालला. मुंबईतही १८६०च्या दशकात विल्यम जॉन्सन यांनी स्टुडिओत टिपलेल्या निरनिराळ्या समाजांच्या व्यक्ती वेगळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून प्रसिद्ध केल्या होत्या. अशा चित्रांत त्या माणसाचे नाव बहुधा लिहिलेलेच नसते, आणि कल्पनेने दिलेले नाव त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करते.

हाताळणीबाबत थोडक्यात सांगायचे, तर डगेरोटाइपचा पृष्ठभाग कधीही पुसू नये. मऊ कापडाच्या एका फटकाऱ्याने प्रतिमा कायमची जाते. त्याचा फोटो काढताना त्यात स्वतःचेच प्रतिबिंब येत असेल, तर कॅमेऱ्याभोवती काळे कापड धरावे, म्हणजे चकाकी जाऊन चेहरा दिसू लागतो. अंड्याच्या बलकावर नव्हे, तर पांढऱ्यावर छापलेली अल्ब्युमिन प्रत पिवळी पडली असेल, तर तिला ‘उजळ’ करण्याआधी मूळ स्कॅन जसाच्या तसा जपावा. पुठ्ठ्याची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण छायाचित्रगृहाचे नाव आणि पत्ता बहुधा तिथेच छापलेला असतो. आणि तिथे पेन्सिलीने कुणी काही लिहिले असेल, तर ते अवतरणचिन्हांत, आपल्या तर्कापासून वेगळे नोंदवावे.