मागचे शॉकअप घरीच बदलले
स्पीडब्रेकर ओलांडला की गाडी मागून हेलकावत राहायची. वाकून पाहिलं तर डाव्या शॉकअपवर (चाकाचे धक्के शोषणारी, तेल भरलेली नळी) तेल पाझरून धुळीचा थर बसलेला. आतलं तेल अडवणारं सील गेलं होतं. शॉकअप जोडीनेच बदलावेत, म्हणून दोन्ही आणले.

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि गाडी उचलून स्टँडवर बसवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. ॲक्सललाही (मागची दोन्ही चाकं जोडणारा कणा) जॅकचा टेकू दिला, नाहीतर शॉकअप सुटताच तो लोंबकळतो आणि ब्रेकच्या होजवर ताण येतो.

नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून काही वेळा पूर्ण दाबा-ओढा, आत अडकलेली हवा निघते. शॉकअपचा दांडा पक्कडीत धरू नका, ओरखडा पडला की सील फाटतं. खालचा बोल्ट आधी हातानेच लावायचा आणि गाडी चाकांवर उतरल्यावर आवळायचा. अधांतरी आवळला तर बोल्टभोवतीचा रबरी बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

पुढचे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला भाग) मात्र गॅरेजमध्येच बदलून घ्या. त्यातली दाबलेली स्प्रिंग निसटली तर जिवावर बेतू शकतं, शिवाय नंतर व्हील अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणं) करावं लागतं.