रॉ सॉकेटमध्ये बाहेर जाणारी पॅकेट्स दिसत नाहीत?

लिनक्सवर सी मध्ये स्निफर (नेटवर्कवरची पॅकेट्स पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) लिहिला, टीसीपीचं रॉ सॉकेट (हेडरसकट पॅकेट हातात देणारं) उघडलं, पण येणारी पॅकेट्सच दिसतात, आपण पाठवलेली गायब. कोड चुकलेला नसतो. त्या सॉकेटला कर्नल फक्त आत येणारंच देतो.

१. सॉकेट उघडताना एएफ-इनेटऐवजी एएफ-पॅकेट द्या, प्रकार सॉक-रॉच ठेवा.

२. तिसऱ्या जागी ईटीएच-पी-ऑल (म्हणजे सगळे प्रोटोकॉल), पण एचटॉन्समधून (बाइट नेटवर्कच्या क्रमात लावणारं फंक्शन) काढून. हे विसरलात तर एररही येत नाही, नुसती शांतता. माझी अख्खी संध्याकाळ यात गेली.

३. आता बफरच्या सुरुवातीला इथरनेट हेडर येतो. ते १४ बाइट सोडून मग आयपी वाचा. आयपी हेडर २० बाइटचाच असेल असं धरू नका: पहिल्या बाइटचे खालचे ४ बिट घ्या, ४ ने गुणा. ४५ हेक्स दिसलं की ५ गुणिले ४, म्हणजे २०.

प्रोग्रॅम सुडोनेच चालवा.

एक सांभाळा: लूपबॅकवर (मशीन स्वतःशीच बोलतं तो इंटरफेस) प्रत्येक पॅकेट दोनदा दिसतं, एकदा जाताना, एकदा येताना. पॅकेट वाचणाऱ्या रिसीव्ह-फ्रॉम फंक्शनने भरून दिलेल्या पत्त्यात पॅकेटचा प्रकार असतो. लूपबॅकवर तो ‘आउटगोइंग’ असेल तरच मोजणीतून वगळा.