‘सर्वानुमते मंजूर’ कसे वाचावे : गावच्या संस्थेचा चिकित्सक अभ्यास

विदर्भातल्या गावात सेवा सहकारी सोसायटी किंवा जिनिंगचा अभ्यास करायला येणारे बहुतेक विद्यार्थी ‘कार्यक्षमता कशी वाढेल?’ हा प्रश्न सोबत आणतात. हा प्रश्न व्यवस्थापकाचा आहे. अभ्यासकाने तो पारखल्याशिवाय उसना घेऊ नये. जर्मन तत्त्वज्ञ माक्स होर्कहायमर यांनी 1937 मध्ये पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धान्तांत जो भेद केला, त्याचा आपल्या कामापुरता अर्थ असा की, आहे ती घडी गृहीत धरून दुरुस्ती सुचवणे वेगळे आणि ती घडी कोणाच्या हितसंबंधांनी बसवली हे शोधणे वेगळे.

आरंभ प्रोसिडिंग बुकापासून, म्हणजे सभेचे ठराव लिहिण्याच्या वहीपासून, करावा. एका सोसायटीत मी पाहिलेल्या वहीत पानोपानी ‘सर्वानुमते मंजूर’ होते, सूचक-अनुमोदक म्हणून तीच दोन नावे आलटूनपालटून येत होती, आणि एकाच सभेच्या सह्यांची शाई तीन रंगांची होती. विचारल्यावर उत्तर मिळाले, “कोणी काई बोललंच नाही ना जी.” या उत्तरापाशी थांबून विचार करावा. ब्रिटिश अभ्यासक स्टीव्हन ल्यूक्स यांनी 1974 मध्ये सत्तेचे तीन पदर मांडले : वादात सरशी कोणाची झाली, कोणता विषय पत्रिकेवर येऊच दिला नाही, आणि लोकांच्या इच्छाच कशा घडवल्या गेल्या. वहीत फार तर पहिला सापडतो. दुसऱ्यासाठी सभेला न आलेल्यांकडे, विशेषतः सातबाऱ्यावर नाव नसल्याने सभासदत्वाबाहेर राहिलेल्या बायांकडे, जावे लागते. तिसऱ्याबाबत घाई करू नये. नाहीतर ‘तुमचे हित मलाच कळते’ असे अभ्यासकच सुनावू लागतो.

‘नियमच आहे’ हे वाक्य कानी पडले की टिपून ठेवावे. हमीभावाच्या खरेदीत कापसातील ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि 12 टक्क्यांच्या वर माल नाकारला जातो; पण ओलावा मोजण्याचा मीटर गाडीतल्या कोणत्या थरात खुपसला आणि आकडा शेतकऱ्याला दिसला का, हे काट्याजवळ उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

तुलनेसाठी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे गाव पाहावे. तेथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाची फोड होते.

अध्यक्षांच्या गाडीवर बसून मुलाखतींना जाऊ नये. कच्चा मसुदा हमाल-मापाऱ्यांना वऱ्हाडीत वाचून दाखवावा, आणि त्यांनी काढलेल्या चुका तळटीपेत न ढकलता मुख्य मजकुरात घ्याव्यात.