नेटवर्कच्या गैरवापराची नोटीस आली तर आधी काय करायचं

हॉस्टेलच्या वायफायवर टोरेंट लावलं, नाहीतर प्रॉक्सी टाकून ब्लॉक साइट उघडली, आणि दुसऱ्या दिवशी थेट डिसिप्लिनरी कमिटीचं बोलावणं. अशा वेळी तिथल्या तिथे माफीनाम्यावर सही करायची नाही. "सही कर, विषय मिटवू" असं गोड बोलतात, पण तोच कागद कबुलीजबाब म्हणून फाइलला लागतो आणि सस्पेन्शन त्याच्याच जोरावर होतं.

शांतपणे म्हणा, सर आरोप लेखी द्या, तारीख, वेळ, आयपी (नेटवर्कवरचा तुमच्या मशीनचा नंबर), कुठला नियम मोडला ते सगळं, आणि उत्तराला मुदत द्या. यात उद्धटपणा काही नाही, परीक्षेत गैरप्रकार केल्याच्या आरोपावरून पोरांचं म्हणणं न ऐकताच दिलेली शिक्षा सुप्रीम कोर्टाने 1962 मध्येच घनश्याम दास गुप्ता केसमध्ये टिकू दिली नाही.

लॉग, म्हणजे कुठल्या वेळी कुठून काय उघडलं याची सर्व्हरवरची नोंद, हातात आला की वेळ नीट बघा. बरेच सर्व्हर यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितात आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे 18:10 असेल तर इथले रात्रीचे 11:40, हे न बघता "मी तेव्हा लॅबमध्ये होतो" लिहून दिलंत तर तुम्हीच खोटे ठरता. रूममध्ये एका लॅन पोर्टवर राउटर लावून तिघं नेट वापरत असाल तर कॉलेजला सहसा राउटरच दिसतो, माणूस नाही, हे उत्तरात स्पष्ट लिहा. लॉगिन तुमचंच असेल आणि पासवर्ड मित्राला दिला असेल तर तेही सरळ सांगा. लॅपटॉप मात्र फॉरमॅट मारू नका, पुरावा पुसल्याचा नवा आरोप लागेल.

एफआयआरची धमकी आली तर वकील गाठा, त्याच्याशिवाय पुढे एक शब्द नाही. आयटी कायद्याच्या कलम 66 मध्ये 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण त्यासाठी अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू लागतो, नुसती उत्सुकता पुरत नाही.

सिस्टीममध्ये बग सापडला तर जरूर कळवा, पण दुरुस्त झाला का ते लेखी परवानगीशिवाय तपासू नका. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या डॉसन कॉलेजमध्ये एका पोराने विद्यार्थ्यांची माहिती उघडी पडतेय हे स्वतः जाऊन सांगितलं, मग फिक्स झालं का बघायला स्कॅनर (सिस्टीममधली भोकं शोधणारं सॉफ्टवेअर) चालवला तर त्याला काढूनच टाकलं, 15 पैकी 14 प्राध्यापकांचं मत काढण्याच्या बाजूने. 2013 च्या जानेवारीत बातमी बाहेर आली. शिकायला आलेल्या पोराशी असं वागणं मला आजही पटत नाही.

चूक झालीच असेल तर कबूल करा पण शिक्षा बेताची मागा, महिनाभर नेट बंद, दंड, लॅबमध्ये काम, काहीही चालेल, वर्ष बुडवणं नाही. निकाल लागेपर्यंत परीक्षेला बसू द्या ही मागणी पहिल्याच अर्जात टाका. ऐकलं नाही तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांखालच्या तक्रार निवारण समितीकडे जा, तिथेही नाही जमलं तर 15 दिवसांत त्याच नियमांखालच्या, विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीच्या लोकपालांकडे (ओम्बड्सपर्सन) अपील. आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका.