ट्रेलर टेंट घेताय? या चुका टाळा

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो, ट्रेलर टेंट स्वस्तात मिळतोय, फोटो पाठवलेत, घेऊ का. ट्रेलर टेंट म्हणजे गाडीमागे ओढायची दोन चाकांची पेटी, उघडली की तिचा तंबू होतो. फोटोत काय असतं, तर कव्हर घातलेली ती पेटी आणि सोबत मालकाने कधीकाळी उन्हात काढलेला एक छान फोटो. इथे यूकेत आपली बरीच कुटुंबं हल्ली मुलांना घेऊन कॅम्पिंगला जातात, त्यात भारतातून आजी-आजोबा आलेले असले की साधा तंबू पुरत नाही, कॅरॅव्हॅन परवडत नाही आणि घरी ती ठेवायला जागाही नसते, त्यामुळे ट्रेलर टेंट घेणं मला पूर्ण पटतं. जमिनीपासून वर, गादीवर झोपायला मिळतं, म्हाताऱ्या माणसांची कंबर धरत नाही. पण लोक जी घाई करतात ती बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घडी घातलेला ट्रेलर टेंट तसाच विकत घेणं. ही मी स्वतः केलीये म्हणून इतकं कळवळून सांगतो. आमचा पहिला आम्ही नोव्हेंबरमध्ये घेतला, संध्याकाळी साडेचारलाच अंधार, वर पाऊस, विकणारा म्हणाला की आत्ता उघडला तर ओला होईल, उन्हाळ्यात कोरडा करूनच ठेवलाय. आम्हालाही घरी पोचायची घाई होती, पैसे दिले, जोडला आणि आणला. हिवाळाभर तो ड्राइव्हवेवर कव्हरखाली उभा, एकदाही उघडला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत सातारहून आलेल्या सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन वेल्समध्ये बेडगेलर्टजवळ गेलो, तिथे पहिल्यांदा उघडला. आधी आला तो कुबट वास. मग दिसलं की छताच्या शिवणीवर काळ्या बुरशीचे पट्टे, आतल्या बेडरूमच्या कापडाचा कोपरा उंदरांनी कुरतडलेला, आणि पुढच्या ऑनिंगच्या, म्हणजे दारापुढच्या मांडवाच्या, पोलमधले दोन दुसऱ्याच कुठल्यातरी तंबूचे, बसेचनात. तरी कसाबसा उभा केला. रात्री वारा सुटला आणि साडेदहाच्या सुमाराला छताची शिवण वीतभर उसवली, सरळ गादीवर पाणी. सासूबाई आणि धाकटी गाडीच्या सीटवर झोपल्या, मी आणि बायको रात्रभर ताडपत्री धरून उभे. सकाळी सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझा नियम आहे, विकणाऱ्याने माझ्यासमोर पूर्ण उभा करायचा, ऑनिंगसकट, आणि दिवसाउजेडी. नाही म्हणाला तर मी निघतो, कितीही स्वस्त असू दे. उभा झाला की आत जाऊन सगळी दारं बंद करायची आणि वर बघायचं, बारीक भोकं असतील तर उजेडाचे ठिपके दिसतात. शिवणीजवळ अंगठ्याने जरा जोरात दाबायचं, कुजलेलं कापड तिथेच टरकन फाटतं. सगळ्या चेन दोनदा उघडून लावायच्या, पोल मोजायचे, गाद्या उचलून खालच्या फळ्या बघायच्या, आणि दोन्ही बेडवर खरंच आडवं व्हायचं. जाहिरातीत सहाजण झोपतात लिहिलेलं असतं, त्यातले दोन बहुतेक वेळा बेडखालच्या जागेत जमिनीवर असतात, ते आजोबांना चालणारे का? बेड किती उंच आहे आणि रात्री टॉयलेटला उतरायचं कसं, हेही तिथेच बघून घ्या. मग मालक घडी घालत असताना पूर्ण व्हिडिओ काढायचा. उभारायचा नाही, घडीचा! उभारणं कसंही जमतं, पण घडीचा क्रम चुकला की झाकण बसत नाही आणि निघायच्या दिवशी पावसात नवरा-बायकोची भांडणं होतात.

दुसरी चूक जी मला सहन होत नाही, ती म्हणजे ओला तंबू घरी आणून तसाच ठेवणं. लेक डिस्ट्रिक्टला जाणाऱ्यांनी तर हे पाठच करावं, तिथल्या सीथवेट गावाला वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याला महाबळेश्वरचं कौतुक असतं, पण महाबळेश्वरला तो पाऊस बराचसा चार महिन्यांत उरकतो, इथे तो वर्षभर पुरवून पुरवून पडतो, त्यामुळे कधीतरी ओलाच गुंडाळून निघावं लागणार हे धरूनच चाला. कॅनव्हास सुती किंवा पॉलिकॉटनचा असतो, ओला बंद राहिला की दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, आणि एकदा काळे ठिपके पडले की बुरशी मेली तरी डाग जात नाहीत आणि कापड कमजोर होतं ते होतंच. ब्लीच ओतू नका, त्याने आणखी वाट लागते. आम्ही रात्री अकराला पोचलो तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी तो बागेत उघडतो. म्हणूनच मी विचारणाऱ्याला पहिला प्रश्न हाच करतो की ओला आणलास तर उघडशील कुठे. बाग नसेल, फ्लॅट असेल, तर सरळ सांगतो की साधा तंबू घे, तो निदान बाथरूममध्ये वाळत घालता येतो. हे ऐकून काहीजण नाराज होतात, होऊ देत.

नवाकोरा कॅनव्हास घेतला असेल तर तो पहिल्या पावसात शिवणीच्या भोकांतून थोडा पाझरतो, तो दोष नाही. घरीच उभा करून पाइपने भिजवा, पूर्ण वाळवा, दोन-तीनदा करा, धागे फुगून भोकं बुजतात.

आता वजन. लोक टेंट बघतात, गाडी बघतच नाहीत. तुमच्या गाडीच्या लॉगबुकात, म्हणजे नोंदणीच्या कागदात, किती वजन ओढता येतं याचे ओ.१ आणि ओ.२ असे रकाने असतात, पहिला ब्रेक असलेल्या ट्रेलरचा, दुसरा बिनब्रेकच्या. काही हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना ट्रेलर ओढायची परवानगीच नसते, टोबार, म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा दांडा, बसवायच्या आधी बघा. बिनब्रेकचा ट्रेलर सामानासकट ७५० किलो किंवा गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मा, यातलं जे कमी असेल तेवढाच चालतो, आणि ट्रेलरच्या स्वतःच्या वजनाच्या प्लेटवरची मर्यादा वेगळी. आमच्या दुसऱ्या ट्रेलरच्या प्लेटवर ५०० किलो होतं आणि रिकामाच ४२०, म्हणजे सामानाला उरले ८०. ऑनिंग, खुर्च्या, ६ किलोचा प्रोपेन सिलिंडर जो भरलेला साधारण १५ किलो भरतो, वर आपला कुकर, तांदळाची पिशवी, इडलीपात्र, संपले ८०. एका वर्षी मी जड सगळं मागे भरलं आणि एम६ मोटरवेवर शेजारून मोठा ट्रक गेला तसा ट्रेलर सापासारखा डोलायला लागला. ब्रेक मारला नाही, पाय फक्त ॲक्सिलरेटरवरून काढला आणि स्टिअरिंग सरळ धरलं म्हणून वाचलो. तेव्हापासून जड सामान चाकांच्या बरोबर वर पण पेटीच्या तळाशी, आणि जोडणीच्या टोकावर पडणारं वजन घरच्या वजनकाट्यावर, टोबारच्या उंचीचा लाकडी ठोकळा मध्ये ठेवून, दर ट्रिपला मोजतो. पाच मिनिटांचं काम आहे.

१६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर वेगळी परीक्षा न देता ओढता येतो, म्हणून नवीन लोक सरावच करत नाहीत. रविवारी सकाळी रिकाम्या कार पार्कमध्ये तासभर रिव्हर्स घेऊन बघा, छोटा ट्रेलर मोठ्या कॅरॅव्हॅनपेक्षा पटकन गाडीच्या अंगावर दुमडतो. मी कॅम्पसाइटवर तो गाडीपासून सरळ सोडवून हाताने ढकलतो. मोटरवेवर ६० मैलांची मर्यादा आहे, तीन किंवा जास्त लेन असतील तर सगळ्यात उजवीकडच्या लेनमध्ये जायचं नाही.

ट्रेलरला एमओटी, म्हणजे गाड्यांची वार्षिक तपासणी, नसते, त्यामुळे टायर कुणीच तपासत नाही. नक्षी नवी दिसली तरी कडेचे चार आकडे वाचा, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा, असले टायर बदलूनच निघा. स्टेपनी आहे का, तिच्यात हवा आहे का बघा. मागची नंबर प्लेट तुमच्या गाडीच्याच नंबरची हवी. ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग सात पिनचा की तेराचा, ॲडॉप्टर आधीच घ्या. साइटवर १० अँपिअरचं विजेचं कनेक्शन असेल तर घरची ३ किलोवॅटची किटली लावू नका, छोटी घ्या.

आणि थंडी वाजते म्हणून बार्बेक्यू आत आणू नका, विझलेला वाटतोय तरी नाही, ऑनिंगमध्येही नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येत राहतो, त्याला वास नसतो, झोपलेलं माणूस उठत नाही. अलार्म लावाच, पण अलार्म आहे म्हणून निखारे आत घेऊ नका. थंडीसाठी आम्ही प्रत्येकाला एक जास्तीचं ब्लँकेट आणि गादीखाली फोमची चटई देतो, मेमध्येही.