मार्चमधला फुटबॉल : न्यू जर्सीत नव्याने आलेल्यांसाठी

घर कुठे बघावं, क्रेडिट हिस्टरी कशी तयार होते, गाडीचा परवाना, मुलांची शाळा, हे सगळं सांगणारे तुम्हाला एडिसनच्या कुठल्याही इंडियन ग्रोसरीत भेटतील. ते मी परत सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते वरवर अगदीच बिनकामाचं आहे. मार्च ते ऑगस्ट, मैदानात एकही खरा सामना नसताना, ऑफिसातली माणसं फुटबॉलवरून एवढी का भांडतात आणि त्या भांडणात आपण कसं शिरावं, ते.

फुटबॉल म्हणजे अर्थात इथला, अमेरिकन फुटबॉल, आणि त्याची व्यावसायिक लीग एनएफएल. नवीन आलेल्या बहुतेकांचा बेत असतो की आधी नियम शिकू, दोन-चार सामने बघू, मग तोंड उघडू. माझा सल्ला उलटा आहे. नियम राहू द्यात. डाउन, फॉर्मेशन, पेनल्टी यांत इथली माणसं लहानपणापासून मुरलेली असतात, तिथे तुम्ही बरीच वर्षं नवखेच राहाल. पण कोणाला किती पैसे दिले, कोणाला सोडलं, आणि त्या वेळी मालकाची अक्कल कुठे चरायला गेली होती, हा वाद तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळतो. कट्ट्यावर बसून आपण दुसरं काय केलं?

नोव्हेंबर-डिसेंबर २०२३ आठवा. मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणलं आणि रोहितला बाजूला सारून त्याला कर्णधार केलं. पुढच्या आयपीएलमध्ये वानखेडेवर घरच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली गेली आणि संघ शेवटच्या, दहाव्या जागी राहिला. तो राग ज्याला समजतो त्याला इथल्या जायंट्स संघाचा चाहता समजायला फारसे कष्ट पडत नाहीत. फरक एवढाच की इथे हे जवळजवळ दरवर्षी घडतं आणि बहुतेक वेळा एकाच जागेवरून घडतं : क्वार्टरबॅक. आक्रमणातल्या जवळपास प्रत्येक खेळीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो बरा नसेल तर बाकीच्यांनी कितीही जीव काढला तरी सीझन वाया. म्हणून त्याच्या पायी संघ वेडेपणा करतात आणि लोक त्यावर वर्षानुवर्षं बोलतात.

वर्षाचा क्रम आपल्या सणांवर बसवला की लक्षात राहतो. होळी-पाडव्याच्या सुमारास करार संपलेले खेळाडू मोकळे होतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत एवढे सौदे होतात की ऑफिसात कामाचं नाव निघत नाही. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या मुलांची निवड. सात फेऱ्या, आणि आधीच्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिला मान. आयपीएलसारखी बोली लागत नाही. मुलगा कुठे जाणार ते संघ ठरवतात आणि या निवडीच्या हक्कांचीच संघ आपसात देवघेव करतात. जुलैअखेर सराव शिबिरं भरतात, प्रत्येक संघात ९० जण. ऑगस्ट संपताना त्यातले ५३ उरतात. ३२ संघांचे धरले तर अकराशेवर माणसं एकदम घरी. काही जण सराव पथकात परत येतात, पण ज्यांनी लेऑफचा आठवडा जवळून पाहिलाय त्यांना त्या दिवशीच्या बातम्या वाचवत नाहीत. मग गणपतीच्या आगेमागे सामने सुरू.

आता पैशाचं. प्रत्येक संघाला पगारावर सारखीच मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. (ऑफिसात मिलियनमध्ये बोला, २७९ मिलियन. कोटी म्हणालात की समोरचा गोंधळतो.) मालक कितीही गब्बर असो, त्याला ही रेघ पाळावी लागते, त्यामुळे क्वार्टरबॅकला दिलेला जादा डॉलर दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून जातो. करारात दोन आकडे असतात. बातमीत येतो तो मोठा, आणि त्याच्या पोटात असतो तो गॅरंटीड, म्हणजे काहीही झालं तरी मिळणारा. भांडायचं ते दुसऱ्यावर. तुमच्या ऑफर लेटरमधलं टोटल कॉम्प आणि महिन्याला खात्यात पडणारी रक्कम यांच्यात असतं तसंच हे अंतर. तिसरा शब्द डेड मनी : खेळाडू गेला, पण त्याला कबूल केलेले पैसे संघाच्या मर्यादेतून कापले जातच राहतात. हे तीन शब्द आले की तुम्ही निम्म्या चाहत्यांच्या बरोबरीला आलात. उरलेल्या निम्म्यांच्या पुढेही असाल, कारण कॅपचं गणित खुद्द इथल्या पुष्कळांना येत नाही.

समोरचा माणूस कोणाचा ते ओळखणं मात्र महत्त्वाचं. राज्याच्या उत्तर भागात जायंट्स आणि जेट्स. दोघांच्याही नावात न्यूयॉर्क, पण दोघंही खेळतात आपल्याकडे, ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये. दक्षिणेकडे सरकलात की फिलाडेल्फियाचे ईगल्स. प्रिन्स्टन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या आपल्या लोकांच्या पट्ट्यात सगळी सरमिसळ, एका घराला निळा झेंडा आणि शेजारी हिरवा.

जायंट्सवाल्याची जखम समजून घ्यायची तर मार्च २०२३ पर्यंत मागे जावं लागतं. डॅनियल जोन्स हा त्यांनी २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडलेला क्वार्टरबॅक. २०२२ च्या उन्हाळ्याआधी नव्या व्यवस्थापनाने त्याचा करार एक वर्षाने वाढवायचा हक्क वापरलाच नाही, म्हणजे विश्वास नव्हता. मग गडी त्याच मोसमात बरा खेळला आणि मिनेसोटात जाऊन प्लेऑफचा एक सामनाही जिंकून आला. आता पंचाईत झाली. त्याच वेळी सेक्वॉन बार्कली या त्यांच्या लाडक्या रनिंग बॅकचाही (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूचाही) करार संपत होता. संघाकडे वर्षाला एकच फ्रँचायझी टॅग असतो. तो लावला की ठरलेल्या पगारावर खेळाडू आणखी एक वर्ष बांधला जातो. टॅग एक आणि माणसं दोन. त्यांनी जोन्सला चार वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार दिला आणि टॅग बार्कलीच्या माथी मारला.

पुढचं तुम्हाला कोणीही सांगेल, बहुधा न विचारता. जोन्स २०२३ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बसला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संघाने त्याला सोडून दिलं. बार्कली त्याआधीच, मार्च २०२४ मध्ये, तीन वर्षांच्या पावणेचार कोटींच्या करारावर ईगल्सकडे गेला होता. जायंट्सचे मालक जॉन मारा यांनी त्या दिवसांत कॅमेऱ्यासमोर आपल्या मॅनेजरला सांगितलं होतं की हा फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं अवघड आहे. आणि तो तिथेच गेला. त्या मोसमात तो २,००५ यार्ड धावला. ऑक्टोबरमध्ये मेटलाइफवर परत आला तेव्हा त्याने १७६ यार्ड काढले आणि ईगल्स २८-३ ने जिंकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, समोर चीफ्स, आणि ईगल्स ४०-२२ ने जिंकले.

यावर लगेच ‘मूर्खपणाच केला’ असं म्हणू नका. पहिलं कारण, तो अधिकार जायंट्सवाल्यांचा. दुसरं, वाद तेवढा सोपाही नाही. रनिंग बॅक लवकर झिजतात, त्यांच्यावर मोठे पैसे लावू नयेत, असं तेव्हा बहुतेक सगळे जाणकार म्हणत होते. माझ्या मते चूक बार्कलीला सोडण्यात कमी आणि एका बऱ्या मोसमावर जोन्सला १६ कोटी देण्यात जास्त होती. टॅग जोन्सला लावला असता तर आणखी एक वर्ष त्याला पारखता आलं असतं. तुम्ही एवढंच विचारा : ‘तुझ्या मते टॅग कोणाला लावायला हवा होता?’ पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस तुम्हाला जेवायला चल म्हणेल.

जेट्सवाल्याशी वेगळं वागावं लागतं. त्यांचं एकमेव सुपर बोल जानेवारी १९६९ चं. प्लेऑफमध्ये ते शेवटचे दिसले २०१० च्या मोसमात. मधल्या काळात क्वार्टरबॅक आले आणि गेले. सॅम डार्नल्ड २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतला, झॅक विल्सन २०२१ मध्ये दुसऱ्या. दोघेही निघून गेले, आणि डार्नल्डने २०२४ मध्ये मिनेसोटाला १४ सामने जिंकून दिले, म्हणजे मुलगा वाईट नव्हता, घर वाईट होतं. हे वाक्य जेट्सवाला स्वतः बोलेल. तुम्ही बोलू नका. आपल्या माणसाला आपण शंभर शिव्या देऊ, शेजाऱ्याने एक दिली तरी खपत नाही.

त्यांच्यासमोर ॲरन रॉजर्सचं नाव मात्र बेधडक काढा, त्यावर आता ते हसायला शिकलेत. एप्रिल २०२३ मध्ये जेट्सनी ग्रीन बेकडून तेव्हा ३९ वर्षांचा हा दिग्गज क्वार्टरबॅक आणला. त्याच्या ओळखीचा प्रशिक्षक आधीच घेतला होता, जुने सहकारीही घेतले. बदल्यात इतर हक्कांबरोबर पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा हक्क दिला, आणि तो ६५ टक्के खेळींमध्ये मैदानात राहिला तर हाच हक्क पहिल्या फेरीचा होणार होता. ११ सप्टेंबर २०२३, सोमवार रात्र, घरचं मैदान, बफेलोविरुद्ध चौथीच खेळी, आणि रॉजर्सच्या टाचेमागची शीर तुटली. जेट्स तो सामना जिंकले, २२-१६. कोणाला त्याचं काय? पुढच्या वर्षी तो परतला तेव्हा संघ ५ विजय, १२ पराभवांवर थांबला, मोसमाच्या मधोमध प्रशिक्षक गेला आणि जनरल मॅनेजरही. २०२५ मध्ये रॉजर्सला सोडलं तेव्हा डेड मनी ४ कोटी ९० लाख, दोन वर्षांत विभागून. त्याच्या जागी जस्टिन फील्ड्स, दोन वर्षांचे ४ कोटी, त्यातले ३ कोटी गॅरंटीड. नोव्हेंबरात तोही बाकावर.

‘फील्ड्सचा करार वाईट होता का?’ हा आता जेट्सवाल्यांतला खरा वाद. माझं मत, रॉजर्सपेक्षा तो कितीतरी शहाणपणाचा जुगार होता : तरुण माणूस आणि दोनच वर्षं. पण आधीच्या वेडेपणाचं बिल फुटत असताना केलेला शहाणपणा कोणाच्या नजरेत भरत नाही.

ईगल्सवाले भेटले तर त्यांना थोडं फुगू द्या. पण त्यांनाही एक आठवण करून देता येते. जून २०१९ मध्ये त्यांनी कार्सन वेंट्झला चार वर्षांची, १२ कोटी ८० लाखांची मुदतवाढ दिली आणि दहा महिन्यांत ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत जेलन हर्ट्स हा आणखी एक क्वार्टरबॅक घेतला. तेव्हा फिलाडेल्फियात केवढा आरडाओरडा झाला होता! घरात नवरा बसलेला असताना स्थळं का बघता, असा एकूण सूर. वेंट्झ २०२१ मध्ये इंडियानापोलिसला गेला, ३ कोटी ३८ लाखांचं डेड मनी मागे ठेवून. हर्ट्स २०२५ च्या सुपर बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून एप्रिलमध्ये कोणी ‘हा निर्णय साफ चुकला’ म्हणालं की मान हलवा, पैज लावू नका.

पैजेवरून आठवलं. न्यू जर्सीत २०१८ पासून खेळांवरचा सट्टा कायदेशीर आहे, वयाची अट २१. फोनवर फुकट पहिल्या पैजेच्या जाहिराती सतत येतील. जिंकायला येत नाही म्हणून नव्हे, तर हरलेले पैसे परत मिळवायला माणूस रात्री दोन वाजता बसतो म्हणून, लांब राहा.

एका सौद्यावर मात्र विनोद करू नका. २०२२ मध्ये क्लीव्हलँडने डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकला आणलं. पहिल्या फेरीचे तीन हक्क दिले आणि २३ कोटींचा पूर्ण गॅरंटीड करार केला. तेव्हा वीसहून अधिक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दावे लावलेले होते. लीगने त्याला ११ सामने बाहेर बसवलं आणि ५० लाखांचा दंड केला. तिथे विषय पैशाचा नसतो. तुमच्या टेबलाशी बसलेल्या सहकारी बाईला त्यावर काय वाटतं ते आधी ऐका. आणि हो, इथल्या बायका या वादात पुरुषांच्या मागे नाहीत. ‘तुम्हीपण फुटबॉल बघता?’ असं चुकूनही विचारू नका.

काही बारीकसारीक गोष्टी. जर्सी घ्यायची तर क्वार्टरबॅकची घेऊ नका. सव्वाशे डॉलर जातात आणि वर्षात माणूस दुसऱ्या गावी. आक्रमण फळीतला एखादा जाडजूड गडी बघा, तो टिकतो आणि जाणकार तुमच्याकडे आदराने पाहतात. मेटलाइफला जायचं तर सिकॉकसला गाडी बदलून मेडोलँड्सची ट्रेन घ्या. पारदर्शक पिशवी लागते, नेहमीची पाठपिशवी दारातच अडवतात. सामन्याआधी पार्किंगमध्ये लोक ग्रिल लावतात, तिथे कोणी बोलावलं तर रिकाम्या हाताने जाऊ नका. आमच्या गटातला पनीर टिक्का बर्गरच्या आधी संपतो. संघ कोणता धरावा याचा फार विचार करू नका, शाळेतून मुलं तो ठरवून घरी आणतात.

ऑगस्टच्या शेवटी ऑफिसातून फॅन्टसी लीगचं बोलावणं येईल. थोडेफार डॉलर भरायचे, प्रत्येकाने खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ बांधायचा. जा, नाही म्हणू नका. पहिल्या फेऱ्यांत रनिंग बॅक आणि रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) उचला. क्वार्टरबॅकची घाई करू नका, या खेळात चांगले दहा-बारा असतात आणि प्रत्येकाला एकच लागतो. किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारणारा, शेवटच्या फेरीत. आणि साहेब जायंट्सचा असेल तर बार्कली तुमच्या वाट्याला आला तरी तोंडावर हसू ठेवू नका.